कडू मीठ

माझं काम मीठ तोलण्याचं.
ग्योटिंगेन, एक्कावन्नचा हिवाळा.
तळघरात कोळसा पुरत नसे,
म्हणून हातमोज्यांची बोटं कापून
मी तराजूपाशी बसायची.

खोलीच्या मधोमध काचेचा गोळा,
कवेत मावेल न मावेल एवढा,
बारीक तारांवर टांगलेला.
आत पाणी, हवा काढून घेतलेलं.
एक बुडबुडा जरी राहिला
तरी तोच नाद गिळून बसायचा
आणि अख्खा दिवस पाण्यात.

गोळ्याला नाद द्यायचा, मग गप्प व्हायचं.
आमच्या कानांना काहीच नाही,
इतका वरचा तो सूर.
फक्त पडद्यावर एक हिरवी रेघ
उतरणीला लागायची.
ती किती वेळात खाली येते, एवढंच मोजायचं.

नुसत्या पाण्यात रेघ रेंगाळायची,
निघालेला पाहुणा उंबऱ्यात बोलत उभा राहावा तशी.
मग मी साधं मीठ घातलं, जेवणातलं,
समुद्रात असतं त्या मापाने.
आता विझेल, आम्हांला वाटलं.
रेघ तशीच. आरामात.
डॉक्टर ऑर्टलेपनी बटणं तपासली, चष्मा पुसला,
"फ्रॉइलाइन हार्म्स, मीठच होतं ना नक्की?"
मी बोट चाटून पाहिलं.
मीठच होतं.

समुद्र नाद खातो, गोड्या पाण्याहून कितीतरी जास्त,
हे लढाईतच कळलं होतं
पाणबुड्यांच्या मागावर असणाऱ्यांना.
खाणारा कोण, ते कळत नव्हतं.
आणि ज्याच्यावर सगळ्यांचा संशय
ते बिचारं निर्दोष, खाल्ल्या नावाला जागणारं.

तिसऱ्या आठवड्यात कडू मिठाची बरणी उघडली.
आमच्या ब्यूझुमला हे औषधवाल्याकडे मिळे,
पोट साफ व्हायला.
आई नाक दाबून पाजायची.
साध्या मिठापुढे अगदी थोडं तोललं,
ढवळलं, हवा काढली,
आणि रेघ
कड्यावरून पडावी तशी पडली.

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी पाकिटाच्या पाठीवर
दोन टिंबं काढली: मॅग्नेशियम, सल्फेट.
मध्ये पाण्याचा एखाद-दुसरा रेणू धरून उभे.
नादाचा दाब आला की जवळ सरकतात,
दाब गेला की मागे.
पण लगेच नाही.
जरा उशिरा.
खर्ज सावकाश येतो, तो त्यांना झेपतो,
तो मैलोन् मैल निघून जातो.
टिपेच्या सुराला मात्र
तेवढी वाट पाहता येत नाही.
आणि त्या उशिरात नाद थोडा थोडा
ऊब होऊन जातो.
"किती ऊब?" मी विचारलं.
ते माझ्या कापलेल्या हातमोज्यांकडे पाहून हसले.
"तुमच्या कामाची नाही."

वडील सत्तेचाळीसला छावणीतून परतले
तेव्हापासून सगळ्याचं उत्तर उशिरा द्यायचे.
आई टिपेला जायची:
जाळं सुकत घातलं का? पत्र टाकलं का?
आवाज त्यांच्यात शिरायचा आणि मुरायचा.
भिंतीशी बोलते मी, ती म्हणायची.
मीही म्हटलं असेन, एकदा दोनदा.

नाताळात घरी गेले.
तीन गाड्या बदलून, उभ्याने.
टेबलावर बटाटे, हेरिंग, वाफेने धुरकटलेली काच.
आई स्वयंपाकघरातून ओरडली, कोंबड्यांचं दार लावलं का?
मग मला म्हणाली, तूच बघ बाई.
मी बसूनच राहिले. खालच्या आवाजात म्हटलं,
"बाबा, मीठ देऊ?"
आणि मोजत राहिले. सवयच लागली होती.
एक. दोन. आई आत आली,
तिला हाताने थांबवलं.
चार. पाच.
बाबांनी काटा खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं.

"लावलं," म्हणाले.

मी मिठाचं भांडं
त्यांच्या ताटाजवळ सरकवून ठेवलं.